जिना धरून, जिना सोडून

अश्विनातलं ऊन. सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि बेसा रोडपलीकडचा तो सगळा लेआउट पांढराफेक पडला होता. तीस बाय पन्नासच्या आपल्या प्लॉटवर गोपिकाबाई बाभळीच्या विरळ सावलीत उभ्या होत्या. मनात नाम चाललं होतं, तोंडात शब्द नव्हता. यंदाच्या चातुर्मासात त्यांनी मौन धरलं होतं. सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत. एका वर्षी मीठ सोडलं होतं, एका वर्षी लाख वाती वळल्या होत्या. कुणाला फारसं सांगत नसत. व्रत सांगत बसलं की त्यातली गोडी जाते, असं त्यांना वाटे.

आणि नेमका आजच बोलायचा दिवस होता.

त्यांचे यजमान चंपतराव जूनमध्ये जिल्हा परिषदेतून रिटायर झाले. हाती आलेलं, साठवलेलं, सगळं मिळून एकवीस लाख. प्लॉट अकरा वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलेला. प्लॉटला आता गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याला आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. चंपतरावांनी काल जेवताना सांगून टाकलं होतं, "घराचा खर्च एकवीसच्या वर एक रुपया गेला, तं प्लॉट विकतो. फ्लॅट स्कीममधी चौथ्या मजल्यावर तयार फ्लॅट हाय. चाबी घ्या अन् राहाले जा. कटकट नाही."

गोपिकाबाई ताटाकडे बघत राहिल्या होत्या. तेव्हा मौन नव्हतं, तरी बोलल्या नाहीत.

जरीपटक्याला एका दुकानाच्या माडीवर सत्तावीस वर्षं भाड्यानं काढली त्यांनी. रोज पहाटे पाय खाली टाकण्याआधी त्या हात टेकवून भूमातेची क्षमा मागत. तुझ्यावर पाय ठेवते, रागावू नकोस. सत्तावीस वर्षं ती क्षमा घरमालकाच्या स्लॅबकडे मागून झाली. धरती खाली कुठंतरी, दुकानाच्या शटरमागं. चौथ्या मजल्यावरून तर तिला हाकसुद्धा ऐकू जायची नाही. एवढीच इच्छा होती त्यांची, की एकदा तरी टेकवलेल्या हाताखाली ती खरीच असावी. पण ही काय नवऱ्याजवळ मांडायची गोष्ट आहे?

इंजिनिअर वैभवी स्कूटीवरून उतरली. तिशीतली मुलगी, डोक्यावर टोपी, हातात गुंडाळलेला नकाशा. तिच्याआधीच बळीराम मिस्त्री येऊन बसला होता. त्यानंच परवा प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा खणला होता. वैभवीनं खड्ड्यात वाकून पाहिलं आणि टेप सोडली.

"सात फूट काळी माती, काका. मुरूम त्याच्या खाली लागला."

"मंग?" चंपतराव म्हणाले.

"ही माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात आक्रसते. वर पाया ठेवला तर दोन वर्षांत भिंतीला भेगा. प्रत्येक कॉलम मुरमापर्यंत न्यावा लागते." तिनं कागद पुढं केला. "तुमच्या नकाशात सोळा कॉलम आहेत. बोअर, सेप्टिक टँक, कंपाउंड धरून सव्वीस लाख ऐंशी हजार."

चंपतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता.

"काही कमी करा ना मॅडम."

"काय कमी करू ते तुम्ही सांगा. पोर्च?"

"पोर्च राहू द्या. गाडी घेतली तं?"

"मोठा हॉल?"

"पाहुणे येतात ना."

"वरची खोली?"

"ते तं बोलूच नोका. ते जितूची हाय."

जितू, म्हणजे जितेंद्र, त्यांचा एकुलता एक. सात वर्षं झाली, पुण्यात आहे.

बळीराम खड्ड्याच्या काठावर तंबाखू मळत बसला होता. "भाऊ, मंग खड्डाच कमी करा. पैसे मीच वापस देतो."

"तू चूप बस गा," चंपतराव म्हणाले. मग बायकोकडे वळले. "तू सांग वं. तुले काय पायजे, काय नाही?" आणि त्यांनीच कपाळावर हात मारला. "मॅडम, हिचं मौन हाय. बारा वाजेपर्यंत. उपयोग नाही."

वैभवीनं गोपिकाबाईंकडे नीट पाहिलं. मग हसून म्हणाली, "बोलायचं कशाला? काकू, चालून दाखवा. सकाळी उठल्यापासून तुम्ही घरात जशा फिरता, तशाच फिरा. आईचं स्वयंपाकघर मी असंच काढलं होतं. तुम्ही चाला, मी मागून चुन्याची फक्की टाकते."

गोपिकाबाई जरा लाजल्या. चार माणसांसमोर उघड्या रानात घरच्यासारखं फिरायचं म्हणजे! पण त्यांनी डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं, आणि मिटल्या डोळ्यांमागं पहाट झाली.

त्या वाकल्या. जमिनीवर हात टेकवला. ऊन लागून वरची माती कोमट झाली होती, पण बोटं जरा आत गेली तिथं ती गार लागली, ओलसर. हात उचलायचं भान राहिलं नाही.

मग त्या उठल्या आणि चालू लागल्या. अंथरुणापासून न्हाणीपर्यंत सहा पावलं. न्हाणीतून ओल्या लुगड्यानं देवापर्यंत चार. तिथं पूर्वेला तोंड करून दोन्ही हात पसरले. देवाला तेवढीच रुंदी पुरे होती, वेगळी खोली कशाला? देवाकडून चुलीकडे वळल्या. पोळी लाटता लाटता मान वर केली की समई दिसावी, म्हणून जागा बदलून अर्धं पाऊल डावीकडे सरकल्या. त्यांच्या मागं वैभवीच्या मुठीतून पांढरी फक्की झरत होती आणि बळीराम सूत ताणत होता. रेघा उमटत होत्या तशा भिंती उभ्या राहत होत्या. गोपिकाबाईंना त्या खरंच दिसत होत्या. मागच्या दारातून येणारा उजेड ओट्यावर पडलेला, पातेल्याच्या काठावर थरथरणारा. चुलीपासून मागचं दार दोन पावलं. दाराबाहेर माती, तुळस, वाळत घातलेली धोतरं. वाऱ्यानं त्या धोतरांचा फडफड आवाजही आला. की बाभळीवरून पाखरं उडाली, कोण जाणे.

"हे तं प्रदक्षिणा होऊन राहिली," चंपतराव म्हणाले.

"भाऊ, बाई बोलत नाहीत म्हणूनच काम लवकर होऊन राहिलं," बळीराम म्हणाला. "तुमच्या हॉलचा नकाशा तीन येळा खोडला मॅडमनं."

पुढच्या खोलीत गोपिकाबाई थोडाच वेळ थांबल्या. पाटावर चार माणसं बसवली, दिवाळीत एखादं अंथरूण पडेल एवढी जागा सोडली आणि परत चुलीपाशी आल्या. पाहुणे येतात ते शेवटी स्वयंपाकघरातच येऊन बसतात, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा अनुभव होता. पोर्चकडे त्या गेल्याच नाहीत.

जुन्या नकाशाप्रमाणे वायव्येच्या कोपऱ्यात जिना होता. वैभवीनं तिथं आधीच एक लांबट चौकोन आखून ठेवला होता. गोपिकाबाई त्याच्या बाजूनं तीनदा गेल्या, केरसुणी घेऊन एकदा, कळशी घेऊन एकदा आणि एकदा हात मोकळे.

"काकू, जिना राहिला," वैभवी म्हणाली.

त्या थांबल्या. काही केलं नाही.

वैभवीनं बॅगेवर वही ठेवून हिशेब मांडला. दूर कुठं तरी काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, दुसऱ्याचं घर होत होतं.

"काका, काकूंच्या घराला नऊच कॉलम लागतात. सातशे वीस स्क्वेअर फूट. दोन आकडे सांगते. जिना धरून, अन् वरचा मजला पुढंमागं चढवता येईल असा मोठा पाया धरून, बावीस लाख दहा हजार. जिना सोडून, खालचंच घर, एकोणीस लाख चाळीस."

चंपतरावांनी वही हातात घेतली, दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे जितूची खोली धरली तं एकवीसच्या वर."

"हो."

"अन् नाही धरली तं?"

"मग पुढं कधीच नाही, काका. पाया तेवढाच राहील."

"पोरगा आपल्या घरी आला तं त्याले दाखवाले वर एक खोली नाही, मंग त्याले घर काहाले म्हणाचं?" चंपतरावांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "त्याच्यापेक्षा फ्लॅट बरा. मी काल बोललोच होतो." त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि गिऱ्हाइकाचा नंबर शोधू लागले.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

शब्द गोपिकाबाईंच्या दातांपर्यंत आले. मौन मोडलं तर देव रागावणार नव्हता, तेवढी त्यांना त्याची ओळख होती. उद्या पुन्हा धरता आलं असतं, एक उपास जास्तीचा केला असता. पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं? जितूनं मागच्या पाडव्याला पुण्यात फ्लॅट घेतला. सूनबाईची नोकरी तिथं, नातीची शाळा तिथं. दिवाळीला येतो तो दोन रात्री, तिसऱ्या दिवशी बॅग दाराशी असते. जितू येणार नाही. हे यांना ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण आईच्या तोंडून ते वाक्य घराच्या रेघांमध्ये उभं राहून निघालं असतं, तर ते पायाच्या खड्ड्यात पुरल्यासारखं झालं असतं. मौन मोडवलं असतं, ते वाक्य बोलवत नव्हतं.

चंपतरावांनी मोबाइल कानाला लावला. रिंग जात होती.

गोपिकाबाई लांबट चौकोनापाशी गेल्या. साडीचा काठ जरा उचलला आणि पहिली पायरी चढल्या.

सपाट जमिनीवरच होत्या त्या. पण पाऊल असं उचललं की खाली पायरी असावी. दुसरी, तिसरी. नवव्या पायरीला उजव्या गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या, श्वास घेतला. सतराव्या पायरीला वर पोचल्या. दाराची कडी काढली. खोलीत वाकून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत केर काढला, केरात काही नव्हतं. खिडकी उघडली. पलंगावरची चादर झटकली, पुन्हा घातली, तिच्यावरची न पडलेली चुणी हातानं सारखी केली. उशी फुगवून ठेवली. घटकाभर कुणाची तरी वाट पाहिल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग खिडकी लावली, कडी लावली आणि खाली उतरल्या. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी.

खाली आल्या. वळल्या. साडीचा काठ उचलला आणि पुन्हा पहिली पायरी चढल्या. त्या न बांधलेल्या घरातला तो दुसरा दिवस होता.

केर, खिडकी, चादर, उशी. चंपतरावांचा फोन कुणी उचलला नव्हता, त्यांनी तो पुन्हा लावला.

तिसऱ्या दिवशी सातव्याच पायरीला त्या थांबल्या. यावेळी गुडघा खरंच दुखत होता.

"हॅलो? बोला साहेब," मोबाइलमधून आवाज येत होता. "हॅलो? काय ठरलं मंग?"

चंपतराव बायकोकडे पाहत होते. बळीरामही तंबाखू मळायचा थांबला होता. वैभवी दुसरीकडं बघत होती, खड्ड्याकडे, जिथं बघायला काहीच नव्हतं.

"साहेब," चंपतराव मोबाइलमध्ये म्हणाले. "साहेब, प्लॉट विकाचा नाही. माफ करा." त्यांनी फोन ठेवला. "उतर खाली वं. बस झालं. रोज रोज काहून चढतं? गुडघे जातीन तुह्ये."

गोपिकाबाई सातव्या पायरीवरून उतरल्या.

चंपतराव त्या चौकोनापाशी आले. फक्कीची एक रेघ त्यांनी पायानं पुसली. मग दुसरी. तिसरी पुसताना पाय जरा रेंगाळला. पुसून झाल्यावर ते पाठ करून उभे राहिले, पलीकडच्या तुरीच्या शेताकडे तोंड करून. गोपिकाबाईंना त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा वाटलं. चार लोकांत त्यांनी कधी ठेवला नव्हता. मनातलं नाम मात्र तेवढा वेळ त्यांनी नवऱ्याच्या नावानं म्हटलं.

"मॅडम," चंपतराव न वळताच म्हणाले, "वर सळया बिळया काही काढून नोका ठेवू. स्लॅब साफ सपाट करा. नाही तं रोज वर पाहीन मी."

"ठीक आहे, काका."

"एकोणीस चाळीस म्हटलं ना?"

"एकोणीस चाळीस. एकवीसातलं जे उरते त्यात फरशी चांगली घेता येईल."

"फरशी नोको. मागच्या दारी हात धुवाले एक नळ टाका. अन् तिथं मातीच राहू द्या, काँक्रीट नोको. हिले माती पायजे."

गोपिकाबाईंनी चटकन वर पाहिलं. ही गोष्ट त्यांनी कधीच बोलून दाखवली नव्हती.

चंपतराव वळले, रेघांना वळसा घालून पुढच्या दाराशी आले. दार म्हणजे रेघेत सोडलेली साडेतीन फुटांची जागा. तिथं त्यांनी चपला काढल्या, बाजूला नीट ठेवल्या, आणि अनवाणी आत आले.

"बसू कुठं?"

बारा वाजायला अजून वेळ होता. गोपिकाबाईंनी बोटानं दाखवलं. पुढच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीखाली. चंपतराव मातीत मांडी घालून बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वारा येते इथं," ते म्हणाले आणि ऐसपैस होऊन एक हात लांब पसरला.

"काका," वैभवी वही मिटता मिटता म्हणाली, "हात भिंतीच्या बाहेर गेला तुमचा."

चंपतरावांनी पाहिलं. खरंच गेला होता. त्यांनी तो आत घेतला.