माझ्यापुढे झाडणारी माणसं

मित्रांनो, ‘दगडाला काय कळतंय’ असं तुम्ही येताजाता म्हणता. तो दगड मी. कर्लिंग नावाच्या खेळातला एक जुना, गोल, घासून गुळगुळीत केलेला दगड. वजन वीस किलो, डोक्यावर पिवळी मूठ. तारुण्यात भरायचो तेवढाच आजही भरतो. असं छातीठोकपणे सांगणारे तुमच्यात थोडेच निघतील.

स्कॉटलंडजवळच्या एका बेटावरून मला फोडून काढलं, घडवलं आणि अमेरिकेत आणलं. सिएटलजवळच्या एका बर्फाच्या हॉलमध्ये मी कामाला लागलो. खेळ तसा सोपा. एक जण मला बर्फावरून सोडतो. लांबवर रंगीत वर्तुळं आखलेली असतात, त्यांच्या मधोमध जाऊन मी थांबायचं. आणि माझ्यापुढे दोन माणसं लांब दांड्याचे झाडू घेऊन बर्फ घासत धावतात. घासल्यावर मी आणखी थोडा पुढे सरकतो. मंत्र्याच्या गाडीपुढेही रस्ता इतक्या मनापासून कोणी झाडत नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी थक्क झालो. अजूनही रोज होतो.

पुढे नवे दगड आले आणि मला एक चरा पडला. माझी नेमणूक हॉलचं दार उघडं धरून ठेवण्याच्या कामावर झाली. ते मी निष्ठेनं केलं. लोक माझ्यावर बूट आपटून बर्फ झाडायचे.

मग लोरेन आली. शहरात बस चालवणारी, आवाज बसच्या हॉर्नसारखा. तिच्या मित्रमंडळींत पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष होते, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका होत्या, आणि जन्मताना डॉक्टरनं सांगितलेलं चूक होतं असं शांतपणे म्हणणारी माणसंही होती. या खेळात सामना संपला की दोन्ही संघ एका टेबलाशी बसतात. लोरेनच्या माणसांना कोणी हाकलत नसे. फक्त त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. म्हणून तिनं स्वतःची लीग काढली. हॉलवाल्यांनी तिला रविवारची कोणालाच नको असलेली सकाळ दिली, आणि कोणालाच नको असलेले दगड. दारातला मी पुन्हा बर्फावर आलो!

सुरुवातीला धड एका संघापुरतीही माणसं नव्हती. लोरेन मला सोडायची, आणि मग उठून स्वतःच झाडू घेऊन माझ्यापुढे धावायची. मी पुष्कळ राजेशाही थाट ऐकून आहे, पण असा नाही. हळूहळू माणसं वाढली. लग्नाचा कायदा बदलला तेव्हा लोरेनचं लग्न याच बर्फावर लागलं. दोन्ही नवऱ्या मुली घसरून पडल्या आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आता रविवारी बूट ठेवायला जागा नसते. त्या टेबलाशी तर खुर्च्याच कमी पडतात.

याच लीगमध्ये नागपूरचा प्रितम आला. राहायला जवळच्याच बॉथेलला, नोकरी रेडमंडला, सॉफ्टवेअरमध्ये. इथेच त्याला पुण्याचा गुरुनाथ भेटला आणि दोघांचं जमलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त प्रितमच्या वडिलांना. दादाराव म्हणजे नागपूरचे निवृत्त हेडमास्तर. ते मुक्कामाला आले तेव्हा प्रितमनं सांगून टाकलं, “रविवारी ऑफिस असतं, बाबा.” खरं सांगितलं तर बाबा उठून नागपूरला जातील आणि पुन्हा फोनही उचलणार नाहीत, या भीतीनं तो अर्धा झाला होता.

एका रविवारी दादाराव न विचारता गाडीत येऊन बसले. हॉलमध्ये आले, बाकावर बसले. माझ्यापुढे झाडताना त्याचा झाडू मला हलकेच लागला. कोणाच्याही लक्षात आलं नाही. तरी त्यानं हात वर केला. “लागला. माझ्याकडून लागला.” सरकत्या दगडाला झाडू लागला की तो बाद, म्हणून मला बाजूला काढलं आणि त्याचा संघ हरला.

“कोणी पाह्यलं होतं काय?” दादारावांनी बाकावरून विचारलं.

“नाही.”

“पंच कुठं आहे?”

“पंच नसतो, बाबा. ज्याचा लागला, त्यानंच सांगायचं असतं.”

“अस्सं. मग हे रविवारचं ऑफिस काय भानगड आहे, तेही सांगून टाक.”

मी शेजारीच होतो. दगडासमोर माणसं मोकळी बोलतात.

दादारावांचा आवाज उतरला. “तुझ्या गाडीच्या डिकीत हा झाडू-पोछा पाह्यला मी. म्हटलं, पोराची नोकरी गेली, अन् आता साफसफाई करून राहिला. तुझ्या आजोबानं गावची झाडलोट सोडून गिरणीत पाय ठेवला. अन् तू अमेरिकेत येऊन झाडू धरला! आठ दिवस झोपलो नाही मी.”

“नोकरी आहे, बाबा. हा खेळ आहे. ती झाडतेय ना, ती सर्जन आहे.”

“मग लपवलं काऊन?”

प्रितमनं हॉलभर पाहिलं. मग, मघासारखाच, हात वर केल्यागत म्हणाला, “कारण ही आमच्यासारख्यांची लीग आहे. मला मुली पाहायच्या नाहीत, बाबा. मी गुरुनाथबरोबर राहणार आहे.”

गुरुनाथ दोन चहाचे कप घेऊन येत होता, तो तिथेच थांबला. “नमस्कार काका. मी पुण्याचा.”

दादारावांनी डोळे मिटले. “पुण्याचा?”

“हो.”

“हे एक जरा जास्तच झालं.”

दादाराव बराच वेळ बर्फाकडे पाहत राहिले. मी ग्रॅनाइटचा, पण तेवढ्या वेळात मलाही तडा जाईल असं वाटलं.

शेवटी ते म्हणाले, “आजोबानं काम सोडलं तवा सारं गाव म्हणे, हे भलतंच. आम्ही कोणाचं ऐकलं नाही. आता मीच गावासारखं बोललो, तर ते बरं दिसते काय?” मग उठले. “दे तो दगड इकडे. पाहू तर.”

गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हतं. लोरेननं त्यांच्या हातात ढकलायची काठी दिली. त्यांनी मला सोडलं. जोर थोडा कमी पडला. अर्ध्या वाटेवर मी रेंगाळू लागलो, तोच मागून हेडमास्तरांचा आवाज कडाडला:

“पाहून काय राहिले? झाडा बे! दोघंही झाडा!”

प्रितम आणि गुरुनाथ झाडत सुटले. मी वर्तुळाच्या कडेला टेकलो.

मित्रांनो, मला सोडण्याआधी माझं पोट पुसत जा. एक केस चिकटला तरी माझी वाट बदलते. आणि एखादा दगड दाराला लावण्याआधी तो कशासाठी घडवला होता, ते कोणाला तरी विचारा. मी आजवर एकदाही एकट्याच्या जोरावर त्या वर्तुळापर्यंत पोचलेलो नाही.

दादाराव आता नागपूरला आहेत. दर रविवारी तिकडून व्हिडिओ कॉल येतो. लोरेन फोन बर्फाकडे धरून उभी राहते. मी जरा मंदावलो की फोनमधून आवाज येतो, “झाडा बे, दोघंही!”