तियामिनच्या डोक्यावरचा उलोस

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे हे मला कुणी सांगायला नको. माझा निळा रंग घड्यांवर विटला आहे आणि उन्हात धरलं तर माझ्यातून पलीकडचं दिसतं. मी एक जुना उलोस आहे, आम्हा बाताक लोकांचं मानाचं विणलेलं वस्त्र. आमच्याकडे माझ्यावाचून कुणाचं लग्न लागत नाही आणि कुणी धड मरतही नाही. बाजारातून विकत आणून कुणीही मला पांघरावं, पण मला खरा मान येतो तो मोठ्यांनी आपल्या हाताने धाकट्यांच्या अंगावर घातल्यावर. आईबापांनी लेकीला घालावं, माहेरच्यांनी सासुरवाशिणीला घालावं. उलटं कधी होत नाही.

तोबा सरोवराच्या काठी, एका घराच्या ओसरीवर माझा जन्म झाला. मला विणणाऱ्या बाईला दोन मुलं होती, मानाहान आणि त्याची धाकटी बहीण तियामिन. त्या आईने सूत निळीच्या पाण्यात पुन्हापुन्हा बुडवलं, भाताच्या पेजेने ताठ केलं. मग मागाचं एक टोक घराला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधून ती विणायला बसली. ती श्वास घेई तसा माझा ताणा घट्ट-सैल होई. पूर्ण झालो तेव्हा मला मांडीवर पसरून ती म्हणाली, "हा सुखालाही चालतो नि दुःखालाही. आधी सुखाला लागू दे रे देवा."

तसं झालं नाही. ती गेल्यावर मी मानाहानच्या पेटीत पडून राहिलो. एके दिवशी तियामिनचा नवरा ओलोआन तापाने गेला, आणि मानाहान मला खांद्यावर टाकून होडीने बहिणीच्या गावी निघाला.

विधवेचं डोकं उलोसने झाकतो तो तिचा भाऊ. दफन झालं, जेवणं झाली की तोच तो उतरवतो, तिचं तोंड पाण्याने धुतो आणि सांगतो, की बाई, आता पुढे बघ. तोवर तिने कुणाच्या आनंदात बसायचं नाही, माहेरचा उंबराही चढायचा नाही.

"इतो, मान खाली घाल," मानाहान म्हणाला. आमच्यात भाऊ बहिणीला इतो म्हणतो आणि बहीणही भावाला इतोच म्हणते. तिने मान खाली घातली. त्याने मला तिच्या डोक्यावर घातलं.

पण जेवणाच्या वेळी घोटाळा झाला. मांसाचे वाटे नावं पुकारून द्यायचे असतात. बरगडीचा वाटा सुनेच्या माहेरचा, मानेचा वाटा जावयांचा, म्हणजे राबणाऱ्यांचा आणि वाढणाऱ्यांचा. पुकारायला ओलोआनचा चुलतभाऊ होता. आधीच रडारड, त्यात गर्दी. त्याने बरगडी भलत्यालाच दिली आणि मानाहानपुढे मानेचा तुकडा ठेवला.

मानाहान उठला. "आम्ही काय तुमच्या घरचे वाढपी?" त्याने विचारलं. चुलतभाऊ माफी मागायला धावला, लोकांनी हात जोडले, पण मानाहानने मागे पाहिलं नाही. त्याची बायको दुमासी त्याच्यामागे गेली. तियामिन माझ्याखाली मान घालून बसली होती. काय झालं ते तिला कळलं तेव्हा होडी दूर गेली होती.

आठवड्याभरात राग उतरेल, असं सगळ्यांना वाटलं. मित्रांनो, तिच्या डोक्यावर माझी वर्षं गेली. शेतात भात कापताना मी, विहिरीवर मी, झोपतानाही मी. शेजारणी चिडवायच्या, "काढ गं ते आता. उवांनी संसार मांडला असेल आत."

"भावाने घातलाय, भाऊच काढेल," ती म्हणायची. "मी माझ्या हाताने काढला तर मला माहेर नाही, असंच झालं ना?"

तिच्या लेकीला पहिलं मूल झालं. लेकीच्या खांद्यावर उलोस घालायचा मान आईचा, पण डोक्यावर मी असताना तो तिला घेता येईना. लेकीच्या दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. वाटेत तिने मला डोळ्यांवर ओढून घेतलं आणि मी भिजलो. मी किती नकोसा होतो, हे त्या दिवशी मला कळलं.

आठवड्याच्या बाजारात कधीतरी दुमासी भेटायची, नवऱ्याच्या चोरून.

"एदा," ती नणंदेला म्हणायची, नणंद-भावजय एकमेकींना एदाच म्हणतात, "त्याचं एकच पालुपद. आधी तिने मनधरणीचा मासा घेऊन यावं, सासरच्यांचं चुकलं म्हणावं, मग मी येतो."

"हा डोक्यावर असताना मी उंबरा कशी चढू? आधी त्याने यावं."

"एकाच आईच्या पोटची तुम्ही. एक दगड, दुसरा धोंडा," दुमासी म्हणायची आणि मिरच्या निवडायला लागायची.

मग एका सकाळी दुमासी स्वतःच दारात उभी राहिली. मानाहान मळ्यात कोसळला होता. अंग लुळं पडलं होतं, उजव्या हाताची बोटं तेवढी हलत होती.

तियामिनने काही विचारलं नाही. खवले न काढता अख्खा मासा हळदीत शिजवला, केळीच्या पानात बांधला, आणि मला डोक्यावर घेऊनच ती होडीत बसली. माहेरच्या उंबऱ्याशी क्षणभर थांबली, मग आत गेली.

मानाहान चटईवर होता. ती त्याच्याजवळ बसली. "इतो, आलेय मी. काढ आता."

त्याने जोर लावला, पण हात चटईवरून उठेना. दुमासी पुढे झाली, तेव्हा त्याने डोळ्यांनीच तिला थांबवलं. मग तियामिन वाकली, माझी झालर त्याच्या बोटांना लागेपर्यंत वाकली. त्याने ती पकडली. तिने हळूहळू डोकं मागे घेतलं आणि मी त्याच्या हातात राहिलो.

तिचे केस पार पांढरे झाले होते. ते बघून तो लहान मुलासारखा रडला. दुमासीने नणंदेचं तोंड धुतलं. तियामिनने माशाचे काटे काढून भावाला घास भरवला.

"मीठ... कमी," तो जड जिभेने म्हणाला.

"तुझ्या जिभेलाच चव नाही," ती म्हणाली आणि दुसरा घास पुढे केला.

पुढच्या सुगीच्या आधीच तो गेला.

आता मी तियामिनच्या लेकीच्या पेटीत असतो. पाहुणे रंगाचं कौतुक करतात आणि घडी करून ठेवून देतात. कसर लागू नये एवढं बघितलं की मी अजून टिकेन, माझं काही अडत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी मानापानावरून रुसून गेलं असेल, तर आधी कुणी जायचं हे ठरवत बसू नका. मानाहानला यायचं होतं, हे मला त्याच्या बोटांवरून कळलं. तियामिनला तर रोज जायचं होतं. इतकी वर्षं त्या दोघांच्या मध्ये मी होतो, आणि मी नुसतं कापड होतो.