कडीखालचं रक्त

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. वरणगावच्या बाजारातून सुपडूभाऊंनी मला आणलं आणि केळीच्या बागेत कामाला लावलं. केळीचा चीक वाळला की रक्तासारखा काळपट दिसतो. माझ्या अंगावरच्या त्या डागांचं कधी कुणाला काही वाटलं नाही.

मग एके दिवशी सुपडूभाऊंचे चुलतभाऊ उखर्डू पाटाजवळ मरून पडलेले सापडले. मानेवर वार होता. पाण्याच्या पाळीवरून दोघांचं भांडण गावाला ठाऊक होतं.

पोलीस आले तेव्हा मी लख्ख होतो. सुपडूभाऊंच्या बायकोने, बेबाबाईंनी, मला त्याच सकाळी राखेने घासलं होतं. बागेतला विळा दसऱ्याच्या पूजेशिवाय कोण घासतो? फौजदारांना तेवढं पुरलं. त्यांनी मुठीवरची लोखंडी कडी सरकवली, तर खाली मोहरीएवढं वाळलेलं रक्त!

"माह्यंच रगत आहे साहेब. काल घड काढता अंगठा कापला," सुपडूभाऊ सांगत राहिले.

"झटापटीत कापला असेल," फौजदार म्हणाले.

रक्त त्यांच्याच अंगठ्याचं, हे मला माहीत होतं, पण बोलता कुठे येतं? पुराव्याच्या पाकिटात बंद होऊन मीही सगळ्यांचा संशय घेऊ लागलो. पंच म्हणून सही करणारा गिरधर माझ्याकडे इतका वेळ का बघत होता?

पहिल्या तपासणीत रक्त माणसाचं आहे एवढंच कळलं. रक्तगट दोघा भावांचा एकच. तेव्हा डीएनएची नवी तपासणी हैदराबादला होत असे. एका कंदापासून बाग वाढवावी, तसं तिथे त्या कणातलं डीएनए वाढवून ताडून पाहिलं. रक्त सुपडूभाऊंचंच निघालं. उखर्डूंचं त्यात काहीच नव्हतं. दुसरा पुरावा नव्हता. जळगावच्या कोर्टाने त्यांना सोडलं आणि मलाही परत दिलं.

घरी आल्यावर त्यांनी मला खुंटीला अडकवलं आणि विचारलं, "याले कायले घासलं व्हतं?"

बेबाबाई खालीच बघत होत्या. "मले वाटलं, तुमच्याच हातून झालं. तुमाले वाचवाले घासलं."

त्या दिवसापासून सुपडूभाऊ मला स्वतःच धुतात. खरा मारेकरी अजून सापडलेला नाही, आणि गिरधर दिसला की मी अजूनही बिचकतो.

मित्रांनो, आम्हा अवजारांना जरूर स्वच्छ ठेवा. पण घरच्या माणसाचा संशय आला, तर राख हातात घेण्याआधी त्याला एकदा विचारा. त्या सकाळी सुपडूभाऊ अंगठ्याला चिंधी बांधून ओसरीवरच बसले होते.