पायऱ्यांवरचा फेस

"नवीन आली तशी नुसती फेसाळून राह्यली. जुना पाइप बरा होता बाई, गपगुमान राह्यचा!"

गिरिजाबाई हे शेजारच्या दैवशालाबाईंच्या कानात म्हणाल्या. पण मी तिथंच, हातभर अंतरावर. मी सिमेंटच्या पायऱ्यांची उतरण बोलतेय. आमच्या भोकरदनकडं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे ना, त्यातलं पाणी मी नदीत उतरवते.

माझ्याआधी पाइप होता. डोहात तोंड खुपसून पडलेला. त्याच्यातून येणाऱ्या पाण्याला वारा म्हणून लागायचा नाही. डोह काळा पडला, मासे गेले, तरी तो गुणाचा ठरला. कारण आवाज नाही! माझ्यावरून पाणी उड्या मारत उतरतं, पोटभर हवा घेतं, मगच नदीला भेटतं. डोहात मासोळ्या पुन्हा दिसू लागल्या.

आणि घटस्थापना जवळ आली तसा माझ्या पायथ्याशी फेसाचा ढीग! झालं. मला फोडून पाणी परत पाइपात सोडायचं, असं पंचमंडळींनी ठरवून टाकलं.

गिरिजाबाईंची सून अक्षता आष्टीची. लग्न होऊन नुकतीच आलेली, बोलणं जेमतेम. नदीत माझ्या वरच्या अंगाला धुण्याचे दगड आहेत. नवरात्राआधी घरातलं झाडून सगळं अंथरूण तिथं निघतं. अक्षता गोधडीला मूठभर पावडर लावायची. "देवीचं काम हाय," म्हणत सासूबाई वर आणखी एक मूठ टाकायच्या. तो फेस वाहत कुठं जातो, हे अक्षतानं बघितलं. पदराआड हसली. पण सासूला सांगायचं कुणी?

तेवढ्यात पंचांतले कारभारी पहार घेऊन आले, मागं निम्मा गाव. केंद्रातला रामप्रसाद काकुळतीला आला, "पाणी बराबर हाय हो काका!"

"मंग हा फेस काय तुझ्या आज्यानं सोडला?" गिरिजाबाईच कडाडल्या.

पहार उचलली गेली.

अक्षतानं हातातली गोधडी खाली ठेवली. वाकून ओंजळभर फेस उचलला आणि थेट सासूच्या नाकाशी धरला.

"आत्याबाई, घाणीला गुलाबाचा वास येतो व्हय? ही आपली पावडर हाय. राह्यलेल्या गोधड्या घरी धुऊ. ते पाणी तरी केंद्रातून साफ होऊन येईल."