पाखऱ्याचा सोमवार

भालकीजवळच्या त्या गावात भागम्माच्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू चढत नाही. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, वार तो. सासऱ्यांनी पाळला, नवऱ्यानं पाळला, आणि शेजाऱ्यांच्या दारात ट्रॅक्टर उभे राहिले तरी भागम्मानं मोडला नाही. बैल मोकळा, तर शेतात भाकरी पोचवायचं कामही नाही. हे हेरूनच सुनेनं, नेत्रावतीनं, एक दिवस धीर करून विचारलं होतं, "आत्याबाई, सोमवारचा दिवस मला द्याल का? चित्रं काढायची हायत. गोष्ट बी लिहायची हाय."

भागम्मानं सुपातले खडे वेचताना मानही वर केली नाही. "घे. पण दिवा लावायच्या आधी काय केलंस ते मला दाखवायचं. एक जरी सोमवार रिकामा गेला, तर रंग पेटीत आन् पेटीची किल्ली माझ्या कमरंला."

उदगीरच्या एका प्रकाशकाला मुलांसाठी पुस्तक हवं होतं. एका बैलाचे सात दिवस, सात चित्रं, प्रत्येकाखाली चार ओळी. बैल घरचाच, पाखऱ्या. पहिल्या सोमवारी मंगळवारचं चित्र झालं. भागम्मानं ते लांब धरून पाहिलं. "बैल हाय व्हय हा? मला वाटलं, कुणाची म्हस आलीया." नेत्रावतीनं पुसून पुन्हा काढलं. तिसऱ्या सोमवारी पाहुणे टपकले, नुसता एक कान आणि दोन ओळी झाल्या. "कान आलाय, बैल येईल मागून," म्हणून म्हातारीनं सोडून दिलं.

आज आठवा सोमवार. मंगळवारपासून रविवारपर्यंत सहा दिवस कागदावर उतरले होते, राहिला होता शेवटचा. उद्या सकाळच्या उदगीर बसनं सगळं गेलं नाही तर प्रकाशक दुसऱ्या कुणाचं पुस्तक घेणार होता. नेत्रावतीनं सकाळपासून जीव ओतला. उसानं शिगोशीग भरलेली गाडी, उडणारा फुफाटा, लांब कारखान्याचं धुराडं आणि पुढं छाती काढून पाखऱ्या. शेवट कसा दणक्यात झाला पाहिजे!

ऊन कलताना तिनं कागद सासूपुढं धरला. भागम्माचा चेहरा खुलला. "आत्ता कुठं बैल वाटायलाय." मग तिनं खालच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, तिला एकेक अक्षर जोडत वाचावं लागे. "सो... म... वार."

बोट तिथंच थांबलं.

"नेत्रे, आज वार कंचा?"

"सोमवार."

"आन् तुला सुट्टी कामून मिळाली?"

नेत्रावतीचा हात तोंडावर गेला.

"ज्याच्या सुट्टीवर तू सुट्टी घेतलीस, त्यालाच जुंपलंस व्हय ग? ते बी उसाच्या गाडीला! हे पुस्तक माझ्या गावातली लेकरं वाचतील. म्हणतील, भागम्माच्या घरी सोमवारी गाडी जुंपत्यात. हा सोमवार रिकामाच गेला म्हणायचा."

"गाडीशिवाय चित्र भकास दिसलं असतं, आत्याबाई." तिनं पदरानं डोळे टिपले. "आता उद्याच्या आत कुठून..."

"रडून कागद भिजवू नको. दिवा कुठं लागलाय अजून?" भागम्मा गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल गोठ्यात. भाकऱ्या मी थापते. बघ तरी एकदा, सोमवारी तो काय करतो ते."

पाखऱ्या धुतलेल्या अंगानं बसला होता. डोळे अर्धे मिटून रवंथ चालला होता. जू भिंतीला टेकून उभं. त्याच्या मानेवरची जुवाची जागा घासून घासून गुळगुळीत झालेली, त्यावर मावळतीचं ऊन पडलेलं. आठ आठवडे नेत्रावती त्याला काढत होती, पण ही मान तिनं पाहिलीच नव्हती.

तिनं कोरा कागद मांडीवर घेतला.

आत तव्यावर भाकऱ्या फुगत होत्या. दिवा लावायची वेळ झाली, तशी भागम्मा एकदा दारात आली, पाहिलं, आणि काडेपेटी पदराआड धरून पुन्हा आत गेली. त्या दिवशी त्या घरात दिवा जरा उशिरानं लागला.

"वाच," भागम्मा म्हणाली.

"सोमवारी पाखऱ्या काहीच करत नाही. आणि तेही अगदी मन लावून करतो."

भागम्मानं ओठ दाबले, पण हसू निसटलंच. "डावं शिंग वाकडं हाय त्याचं. तसंच काढलंस. बरं केलंस." मग तिनं लेकाला हाक मारली, "प्रभुलिंगा, सकाळी पयल्या बसला हे पाकीट दे. घडी पडू देऊ नको!"

नेत्रावती रंग गोळा करू लागली. सात दिवस संपले होते. आता कुठल्या तोंडानं सोमवार मागायचा?

"ठिव की तिथंच," भागम्मा ताटं मांडत म्हणाली. "बैलाचं झालं. पण गाईला कुठं सोमवार असतो ग? तिला रोजच दूध द्यावं लागतंय. तिचं पुस्तक कोण काढणार?"