अठ्ठावन्न किलो

माझ्या आजोबांचं वजन जानेवारीभर अठ्ठावन्न किलो होतं. रोज. आमच्या गावच्या दवाखान्यातल्या नर्स मित्सुकोबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी आजोबांचा वजनाचा तक्ता भिंतीवर लावला आणि खाली लिहिलं, 'यांच्याकडून शिका.'

वजन करणं ही हौस नव्हती. तीन वर्षांपूर्वी जिनसाकु आजोबांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हापासून त्यांचं हृदय निम्म्या ताकदीनं चालतं. असं हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडतं, अंगात पाणी साठतं, आणि मीठ त्या पाण्याला जाऊ देत नाही. हे पाणी डोळ्यांआधी काट्याला कळतं. म्हणून नियम असा की रोज सकाळी लघवी करून, नाश्त्याआधी, रोज त्याच कपड्यांत काट्यावर उभं राहायचं. आठवड्यात दोन किलो वाढले तर लगेच फोन करायचा.

मी त्यांचा नातू, यासु. सेंदाई शहरातली नोकरी सुटल्यावर आकिता प्रांतातल्या या डोंगरातल्या गावात आजोबांची काळजी घ्यायला आलो. म्हणजे ते भात शिजवायचे आणि मी तो संपवायचो.

माझी आजी तोमे डिसेंबरात गेली. त्याआधी तीन आठवडे तिनं साठ मुळे चुलीवर टांगून धुरावले, मिठात आणि कोंड्यात दाबले, लोणच्याचं पिंप भरलं, वर दगड ठेवला. आमच्या गावात बाईला तिच्या पिंपावरून ओळखतात. दुपारी शेजारणी चहाला येतात, पण चहा हे निमित्त. मुळ्याची चकती कर्रकन चावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. आजीच्या पिंपाचा निकाल पन्नास वर्षं एकच होता, 'पहिली तोमेच.'

यंदा मात्र आजोबांनी चहाबरोबर बिस्किटं ठेवली. समोरच्या चियोनो आजीनं एक बिस्किट उचलून उलटंपालटं करून पाहिलं.

"जिनसाकु, तोमेच्या घरात बिस्किटं?"

"चांगली आहेत. दुकानातली."

"ते दिसतंय. पिंपाला काय झालं?"

"पिंपाची तब्येत उत्तम आहे."

"मग तुझीच बिघडलीय," असं म्हणून ती बिस्किट खाऊन गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही.

एकेक गोष्ट मला दिसत होती, हे मी इथे कबूल करतो. जानेवारीच्या सुरुवातीला आजोबा काट्यावर चढताना कापूस भरलेला कोट, दोन पायमोजे, पोटाला लोकरीचा पट्टा, असा सगळा सरंजाम असायचा. मग कोट गेला. मग पट्टा. बाहेर कमरेएवढं बर्फ, आणि हे बनियनवर. मी म्हटलं, "आजोबा, लग्नाबिग्नाचा विचार आहे का?" ते म्हणाले, "तुझं आधी होऊ दे. म्हणजे मी सुटलो."

उशांचंही तसंच. आधी एक, मग दोन, मग माझी. शेवटी ते जवळजवळ बसूनच झोपायचे. मी जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर डोकं ठेवून झोपत होतो आणि मनात म्हणत होतो, म्हातारपणी माणसाला थाट हवासा वाटतो. आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नव्हता, हे मला सुचलं नाही. विनोद मात्र पटकन सुचतात मला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर आजोबा काट्यावर उभे. अंगावर काहीही नाही. कवळी खिडकीत. डोक्याचे उरलेसुरले केसही उतरवलेले. ओठ जांभळे.

"अठ्ठावन्न," ते धापा टाकत म्हणाले. "लिही."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. कोटापासून केसांपर्यंत जे जे उतरलं होतं, तेवढं पाणी आत चढलं होतं. चार किलो तरी.

"आजोबा, ही लबाडी आहे."

"आकडा खरा आहे. बघ हवं तर."

मी त्यांना रजईत गुंडाळलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो. त्यांनी माझी बाही धरली.

"वीस राहिलेत. वीस दिवस दे."

"कसले वीस?"

"मुळे. रोज एक खातोय."

"अख्खा? डॉक्टरांनी तुम्हाला एक चकतीसुद्धा..."

"तिनं मीठ दोनदा घातलं, यासु." श्वास घ्यायला ते थांबले. "एकदा घातलं, आत गेली, विसरली, परत येऊन घातलं. मी दारातच उभा होतो. बोललो असतो तर तिला कळलं असतं की आपण विसरायला लागलोय. म्हणून नाही बोललो. आता ते पिंप कुणाच्या तोंडी लागलं तर गाव काय म्हणेल? शेवटी तोमेचा हात बिघडला. पन्नास वर्षं कुणाला आठवणार नाहीत, हे एक पिंप आठवेल."

"मग मी पुरतो ना शेतात. बर्फाखाली."

"तिच्या हातचं? पुरतोस?"

मी त्यांच्या पायांत मोजे चढवले.

"आणि तुम्ही गेलात तर उरलेले कोण खाणार?" मी म्हटलं. "मी? मला तर पहिल्याच घासाला पाणी लागेल. सगळ्या गावाला ऐकू जाईल."

त्यांनी माझी बाही सोडली. मग कवळीकडे बोट दाखवलं. "ती दे. बिनदातांचा नाही जाणार मी दवाखान्यात."

तालुक्याच्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला, शिरेतून लघवीचं औषध दिलं. बारा दिवसांत पाच किलो पाणी गेलं. रोज किती मीठ पोटात जात होतं तो आकडा डॉक्टरांनी दोनदा विचारून लिहून घेतला. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी भेटणार नाही, थेट तुमच्या पत्नी भेटतील." आजोबा म्हणाले, "तिला तोंड दाखवायची सोय ठेवायची आहे अजून."

घरी आल्यावर ते पिंपासमोर जाऊन बसले. मग म्हणाले, "माझ्याच्यानं आता हे संपायचं नाही. बोलाव सगळ्यांना. मी इथेच बसतो. कुणी काही बोललं तर मी आहे."

नऊ जण आले. नऊही जणांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू. मित्सुकोबाई यंत्र घेऊनच आल्या, प्रत्येकाचा दाब पाहिला आणि जाहीर केलं, "एकेक चकती. पातळ. त्यावर एक नाही." आजोबांसमोर फक्त गरम पाण्याचा पेला होता.

चियोनो आजीनं चकती तोंडात टाकली. कर्र. डोळे मिटले. आजोबा पुढे सरकून तिच्या तोंडाकडे पाहत होते. 

बराच वेळ तिचे डोळे उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा भरले होते, ते मिठानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

"तोमेच," ती म्हणाली. मग माझ्याकडे कप सरकवला. "चहा घाल रे."

मग सगळ्यांनी चावलं. कर्र, कर्र, कर्र. मिठाचं नाव कुणी काढलं नाही. मी किटली पाच वेळा भरली. मित्सुकोबाईंनीही एक खाल्ली आणि सरळ नळाला तोंड लावलं. जाताना चियोनो आजीनं पिशवीतून डबा काढला. "दोन मुळे दे. घरी नेते. पाण्यात भिजवून खाईन महिनाभर."

"भिजवून का?" आजोबांनी विचारलं.

"दात राहिले नाहीत माझे," ती म्हणाली. तिचे सगळे दात शाबूत होते. बाकीच्या आठ जणांनाही त्याच क्षणी दात नसल्याचं आठवलं आणि पिंप रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा काट्यावर चढले. कोट, पट्टा, दोन पायमोजे, तोंडात कवळी.

"सत्तावन्न," मी म्हटलं.

"लिही," ते म्हणाले. "आणि भिंतीवरचा तो तक्ता काढायला सांग त्या बाईला."