पिकअपमधली खोली

"सुकन्याला स्लॅबखाली झोपाया लावू नको," असं चंद्रप्रभाबाईंनी श्रद्धाला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगून ठेवलं होतं. "ती झोपत न्हाई, नुसती पडून राहते. अन् चार-दोन रात्री तशाच गेल्या की तिचं ध्यान तिच्यापाशी राहत न्हाई."

श्रद्धा तेव्हा नव्या नवरीच्या उत्साहानं उशांना अभ्रे घालत होती. तिनं "हो आई" म्हटलं आणि सासूचं बोलणं तिथंच सोडून दिलं. तिला त्यातलं एवढंच दिसलं, की थोरल्या जावेला अंगणातली हवेशीर बाज मिळणार आणि आपल्या वाट्याला दिवसभर तापलेल्या स्लॅबखालची खोली.

सुकन्या म्हणजे थोरल्या उद्धवरावांची बायको. उद्धवराव हदगावला शाळेत शिक्षक, त्यामुळे ती दोघं सणासुदीला आणि सुट्ट्यांत नांदेडला यायची. सुकन्याचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा ती लहान होती. मातीच्या घराचं जड माळवद अंगावर आलं, ती निघाली, आई-बाप निघाले नाहीत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. श्रद्धालाही माहीत होतं, पण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं माहीत असतं तसं. तिचा जन्मच त्यानंतरचा.

पुढं सुकन्याचा वरद दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला आणि आमच्याकडच्या हुशार पोरांचं जे होतं तेच त्याचं झालं. लातूर, मेडिकलच्या नीटचा क्लास, दोन वर्षं. मेसच्या जेवणानं पोरगं आजारी पडतं म्हणून त्याच्यासोबत आईनं जायचं ठरलं. लातुरात अशा आयांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. पोरगं क्लासला, आई गॅसपाशी. खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर. खाली पिठाची गिरणी, वर आणखी एक मजला. सुकन्या खोली बघून नांदेडला आली. त्या रात्री जेवताना तिनं भाकरी अर्धी ठेवली.

ती अर्धी भाकरी श्रद्धाच्या नवऱ्यानं, दयानंदनं पाहिली.

दयानंदचं नांदेडात इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान. माल पोचवायला त्याच्याकडं एक जुनी पिकअप होती, मागे पत्र्याची बंद बॉडी असलेली. त्यानं ती अंगणात आणून उभी केली आणि जाहीर केलं, की वहिनींची झोपायची खोली आता हीच. लातूरच्या इमारतीच्या शेजारी घरमालक भुजंगरावांचा मोकळा प्लॉट आहे, तिथं उभी करायला ते हो म्हणालेत. स्वयंपाक वर, झोपायचं खाली.

तिथून पुढचा प्रत्येक रविवार त्या पिकअपला गेला. श्रद्धा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. कडेवर तिची लेक मालविका, दात येत असलेली, सारखी किरकिरणारी. पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो, म्हणून दयानंदनं आतून लाकडी पट्ट्या ठोकल्या. पट्ट्यांच्या मधे आधी थर्माकोल भरला, मग तो पेट घेतो म्हणून सगळा काढला आणि चंदेरी कागद चिकटवलेला फोम बसवला. त्यावर पातळ प्लायवूड. खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या ठेवल्या, गार हवा खालून यावी आणि गरम वरून जावी म्हणून. बॅटरी चार्ज होताना वायू सोडते, तर तिला आत ठेवायची नाही; तिच्यासाठी गाडीच्या पोटाखाली भोकं पाडलेली लोखंडी पेटी. गाडी चालली की इंजिनवर चार्ज, उभी असली की सोलरवर. एक छोटा पंखा, एक दिवा, मोबाइलला एक पॉइंट. वायर पत्र्यातून जिथं जिथं जाते तिथं तो रबरी कडी बसवत होता, पत्र्याची धार लागून वायर सोलू नये म्हणून. जीभ दातात धरून, एकेक.

आणि इथं, श्रद्धाच्या स्वयंपाकघरातला बोर्ड गेल्या दिवाळीपासून दोन स्क्रूंवर लोंबत होता. लेकरू भिंत धरून उभं राहायला लागलं होतं. तिनं सांगून सांगून सोडून दिलं होतं. इन्व्हर्टरवाल्याच्या घरचा बोर्ड तो.

सोलरचं पॅनल त्यानं आधी टपावर बसवलं. सुकन्या हदगावहून बघायला आली, तिनं एकदा वर पाहिलं आणि गाडीत पाय घातला नाही. नको म्हणाली नाही, छान आहे म्हणाली, पण बाहेरच उभी राहिली. दयानंदनं त्याच संध्याकाळी पॅनल खाली उतरवलं आणि त्याला पायांचं स्टँड करून दिलं.

"म्हणजे रोज सकाळी ते उन्हात मांडायचं आणि संध्याकाळी उचलून ठेवायचं?" श्रद्धा म्हणाली. "केवढी हौस."

"डोक्यावर काही जड नको त्यांना," एवढंच तो म्हणाला.

शेजारच्या साखराबाई कुंपणावरून सगळं बघून राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दीर असावा तर असा गं बाई."

"हो ना," श्रद्धानं ओले कपडे झटकत उत्तर दिलं, "दीर त्यांच्याकडं गेला, नवरा म्हणायला तेवढा माझ्याकडं आला."

साखराबाई हसल्या. श्रद्धाही हसली. मग आत जाऊन तिनं कपाट उघडलं, तर मालविकाच्या खिडकीसाठी आणलेलं पिवळ्या फुलांचं कापड जागेवर नव्हतं. ते पिकअपच्या जाळीला पडदा होऊन लागलं होतं. तिनं कपाट परत लावून टाकलं. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की फार लहान दिसतात, आणि न बोलता ठेवल्या की मोठ्या होत जातात.

जूनमध्ये गाडी लातूरला गेली. घरच्या ग्रुपवर वरदनं व्हिडिओ टाकला. दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा हलतो. गल्लीतल्या बाकीच्या आया दारात माना घालून बघतायत आणि मधे सुकन्या उभी, पदर तोंडाला लावून हसतेय. श्रद्धानं तो व्हिडिओ मालविकाला पाजताना पाहिला, भाजी ढवळताना पाहिला, आणि दरवेळी तिची नजर त्या पडद्यावर जाऊन थांबायची. सहा वर्षांत आपण या घरात एकदाही असं हसलोय का, याचा ती हिशेब करत बसायची. सुकन्याची मात्र झोप सुधारली, वजन भरलं. उद्धवराव फोनवर भावाला म्हणाले, तिला एवढी टवटवीत लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

मग पावसाळा सरता सरता एका सकाळी नांदेडला जमीन हलली. फार नाही, दुधाचं पातेलं ओट्यावर खडखडलं, पंखा झुलला, गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली. कुणाचं काही पडलं नाही. पण माणसं घरात परतली तरी श्रद्धा मालविकाला छातीशी घेऊन रस्त्यावरच उभी होती. दुपारी पुन्हा एक बारीक धक्का आला. तेव्हा ती बोलली.

"माझं लेकरू स्लॅबखाली झोपतंय आणि फोमची खोली लातूरला उभी आहे. गाडी परत आणा."

दयानंद म्हणाला, की आपण अंगणात ताडपत्री टाकू, खाली बाज टाकू. ती म्हणाली, पावसात? सर्दी झालेल्या पोरीला? तो म्हणाला, वहिनींचं काय. आणि तिथं ती पेटली. वहिनींचं काय हा प्रश्न या घरात सगळ्यांना लगेच सुचतो, ती म्हणाली, माझं काय हा कधी कुणाला सुचलाय? तिची भीती खरी होती. पण भीतीच्या आडोशाला दुसरं काय उभं आहे, हेही तिला ठाऊक होतं, आणि त्या दुसऱ्यालाच तिनं पुढं ढकललं. तिनं स्वतः सुकन्याला फोन लावला. सुकन्यानं नाही म्हणावं अशी तिची मनापासून इच्छा होती. मग भांडता आलं असतं.

सुकन्या म्हणाली, "ने की गं. लेकरू आधी. फक्त दोन्ही जाळ्या उघड्या ठेव, कोंडतं आत."

"अक्का, तुम्ही कुठं झोपाल?"

"मी? खोली हाय की वर."

दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात आली. श्रद्धा मालविकाला घेऊन आत शिरली आणि कितीतरी महिन्यांनी पोरगी किरकिर न करता झोपली. आत गार होतं. बाहेरचा आवाज फोममुळं मऊ होऊन येत होता. श्रद्धा फळीवर पाठ टेकून जिंकल्यासारखी पडली आणि दिवा मालवायला तिनं उजवा हात उचलला. बटण तिथं नव्हतं. ते डाव्या अंगाला, अगदी खाली होतं. मोबाइलचा पॉइंट डावीकडं. सामानाची फळी कमरेएवढ्या उंचीवर, खांद्याच्या वर एकही वस्तू नाही. दाराची कडीसुद्धा डाव्या हाताला येईल अशी उलटी बसवलेली.

ती उठून बसली. एखाद्या बाईचा हात कुठवर पोचतो हे माणसाला इतकं नेमकं कसं कळतं? सकाळी तिनं चहा पुढं ठेवून हेच विचारलं, शक्य तितक्या थंड आवाजात.

दयानंदनं चहाचा कप बाजूला सारला. "त्यांचा उजवा खांदा वर होत नाही, श्रद्धा. लहानपणी भिंतीखाली गेला तेव्हापासून. घरात सगळ्यांना माहीत आहे." मग कप उचलता उचलता म्हणाला, "एकदा त्यांनी तुला डाव्या हातानं वाढलं, तर तू आईला म्हणाली होतीस, मोठ्या जावेला एवढीसुद्धा रीत नाही."

तिला ते आठवलं. वरण होतं. ताट दूर होतं आणि सुकन्यानं पळी डाव्या हातात घेतली होती. घरातलं इकडचं पान तिकडं झालेलं श्रद्धाला कळायचं. नवऱ्याची नजर कुणावर किती वेळ थांबली हे तर तिनं रोज मोजलं होतं. त्या नजरेला काय दिसतंय, ते बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात वरदचा फोन आला, दबक्या आवाजात. "काकू, आईला सांगू नका मी फोन केला. ती रात्री खोलीत नसते. खाली गेटपाशी खुर्ची टाकून बसते. काल दूध गॅसवर ठेवून तशीच खाली गेली, पातेलं जळून काळं झालं. आणि आज मला विचारत होती, की तुझी शाळा किती वाजता सुटते."

श्रद्धानं दयानंदला दुकानातून बोलावून घेतलं. पोरीला मांडीवर घेऊन ती पिकअपमध्ये पुढं बसली आणि लोहा, अहमदपूर मागे टाकत गाडी लातूरला पोचली.

सुकन्या गेटपाशीच भेटली. डोळे खोल गेलेले, पण केस विंचरलेले, कुंकू नीट. तिनं मालविकाला घेतलं, डाव्या कडेवर. चहा केला आणि गाडी ठेवून घ्यायला साफ नकार दिला.

"तिकडं हलून राहिलंय, इकडं न्हाई. तुझं लेकरू स्लॅबखाली ठेवून मी गाडीत झोपू व्हय? तिथं तर मला मुळीच डोळा लागायचा न्हाई."

"अक्का, मला भीती नव्हती एवढी. मला..." श्रद्धा सांगायला गेली.

"व्हती की," सुकन्या म्हणाली. "मी वळखते ना भीती. ने गाडी. मी लई छान झोपते वर." शेजारी वरद स्वतःच्या चपलांकडं बघत उभा होता.

परतताना श्रद्धाला रडू आलं, आणि त्या रडण्यातसुद्धा एक बारीक काटा होता: मोठेपणही शेवटी तिनंच घेतलं. मागायला आपण, द्यायला ती. परत करायला गेलो, तर तेही घेतलं नाही. हा मत्सर कुठं ठेवायचा ते तिला अजून कळलेलं नाही. दयानंदनं आता दुसरी खोली करायला एका जुन्या टेम्पोची बॉडी आणली आहे, फोम कापायला घेतला आहे, आणि श्रद्धा पट्ट्या धरून उभी राहते. पण त्याला वेळ लागेल. फोन केला की सुकन्या म्हणते, झोप छान लागली गं, आणि वरदला तिनं शपथ घातली आहे. तो आता काहीच सांगत नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण लेकरांना भेटायला लातूरला जात असाल. क्लासच्या मागच्या गल्लीत पाण्याच्या टाकीच्या अंगाला एक पिवळी इमारत आहे, खाली पिठाची गिरणी. पहाटेच्या गाडीनं उतरलात, तर जाता जाता तिच्या गेटपाशी बघा. खुर्चीत कुणी बाई बसलेली असेल, तर झोप झाली का असं विचारू नका, ती हो म्हणेल. तिच्याजवळ जरा बसा, वर गॅसवर काही ठेवून आलीय का एवढं बघायला सांगा, आणि ती कशी दिसली ते नांदेडला श्रद्धाला कळवा. खरं असेल ते.